अनधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं स्विस घड्याळ : 11 महिन्यांनंतर

आधी एक सांगतो, घड्याळ ओरिजिनलच निघालं. नकली माल गळ्यात मारल्याची कहाणी वाचायला आला असाल तर ती इथे नाही. ब्रँडचं नावही घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. 39 मिमीचं डायव्हर (पाणबुड्यांसाठीच्या धर्तीचं घड्याळ), 200 मीटरपर्यंत वॉटर रेझिस्टंट, ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीवर चावी भरणारं), 70 तासांचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे काढून ठेवल्यावर तेवढा वेळ चालतं.

पुण्यात कॅम्पातल्या अधिकृत शोरूममध्ये भाव होता 3.80 लाख. त्यांनी चहा पाजला, पाच टक्के सोडायची तयारी दाखवली आणि पॅन कार्ड मागितलं. ओळखीतून कळलेल्या दुसऱ्या विक्रेत्याने तेच मॉडेल 3.05 ला सांगितलं. पुणेकर माणूस, पंच्याहत्तर हजार वाचताहेत म्हटल्यावर डोकं चालेना. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "मग वर 18 टक्के जीएसटी." म्हणजे जवळपास 3.60. अर्धे रोख द्या, दोन लाखांच्या आत ठेवू, असंही सुचवून झालं. (एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आयकराचा नियम.) मी सगळे बँकेतून दिले, पण हातात आली ती कच्ची पावतीच.

पहिले आठ महिने मजेत गेले. दिवसाला तीन सेकंद पुढे, म्हणजे सीओएससीच्या (अचूकता तपासणारी स्विस संस्था) दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंद या मर्यादेत. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना चालूच असायचं. लोकलायझेशनच्या (भाषांतराच्या) नोकरीत वेळ चुकली तर शिव्या मिळतात, घड्याळाने मात्र कधी दगा दिला नाही.

मग जुलैत सिंहगडावर गेलो. पाऊस नेहमीचाच. पिठलं-भाकरी खाताना पाहिलं तर काचेच्या आतून धुकं, सहाच्या आकड्यापाशी बारीक थेंब. क्राउन (बाजूचं चावीचं बटण) नीट फिरवून बंद होतं, ते मी गाडीतून उतरतानाच तपासलं होतं.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून मागचं झाकण माझ्यासमोर धरलं. कडेच्या एका खाचेत हलका ओरखडा होता. "सर, हे आधी कुणीतरी उघडलंय." आतलं गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) चिमटलेलं निघालं. मी कधी उघडलं नव्हतं, पण ते सिद्ध कशाने करणार? आणि वॉरंटी कार्ड पाहिल्यावर तर बोलणंच संपलं. त्यावरची तारीख माझ्या खरेदीच्या आधी 14 महिन्यांची. पाच वर्षांची वॉरंटी कार्डावरच्या तारखेपासून मोजतात. मुळात दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या दुकानाने न खपलेला माल सोडला होता, असं त्यावरच्या शिक्क्यावरून दिसत होतं. तो शिक्का मी घेतानाही पाहिला होता, पण वाचला नव्हता. "ओरिजिनल आहे ना?" हेच दहा वेळा विचारत बसलो. "कार्डावर तारीख काय?" एकदाही नाही.

अनधिकृत हस्तक्षेप म्हणून वॉरंटी नाकारली. खर्च 48,000. मूव्हमेंट (आतली यंत्रणा) साफ, सगळी गॅस्केट नवी, प्रेशर टेस्ट (पाणी शिरतं का याची दाबाखालची तपासणी). लक्ष्मी रोडवरच्या घड्याळजीकडे कमी पैशात झालं असतं, पण 200 मीटरच्या घड्याळाची प्रेशर टेस्ट नीट व्हायला हवी होती. विक्रेत्याला फोन केला. "साहेब, आम्ही फक्त विकतो," एवढंच.

आता हिशेब करा. 75,000 मधून 48,000 गेले, राहिले 27,000. शोरूमवाल्यांची पाच टक्के सूट धरली तर आणखी 19,000 कमी. म्हणजे नफा आठ हजार, तोही बिलाशिवाय. विकायला काढलं तर गिऱ्हाईक आधी बिल आणि कार्ड मागणार.

रोलेक्सच्या स्टील सबमरीनर किंवा डेटोनासारख्यांचं गणित वेगळंच. तिथे शोरूमबाहेर दर छापील किमतीच्या वर असतात, कारण वेटिंग लिस्ट. तिथे लोक पैसे वाचवायला नाही, वेळ वाचवायला जातात. आणि युरोपातल्या ईएफटीए देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिश्टेनस्टाईन) भारताचा झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. मला थोडी घाई नडली म्हणायची.

घड्याळ अजून मनगटावरच आहे, आवडतंच. दाजींनी त्याच महिन्यात शोरूममधून घेतलं होतं, तेव्हा मी त्यांना भोळे म्हणालो होतो. 48,000 चा आकडा त्यांना अजून सांगितलेला नाही. ताईला मात्र कळलाय, त्यामुळे आता किती दिवस लपणार तेवढंच बघायचं.