डेस्कटॉप अ‍ॅपला साइन-इन जोडताना: कोणता मार्ग कोणासाठी

डेस्कटॉपवर चालणाऱ्या अ‍ॅपला साइन-इनची सोय जोडायचे ठरले की पहिले लक्ष साहजिकच पडद्याकडे जाते: दोन चौकटी, एक बटण आणि पासवर्ड चुकल्यावर दिसणारी लाल ओळ. हा पडदा अर्ध्या दिवसात उभा राहतो आणि म्हणूनच काम उरकल्याचा भास होतो. खरा निर्णय मात्र दोन प्रश्नांचा आहे. समोरचा माणूस तोच आहे हे कोणत्या यंत्रावर ठरणार, आणि ज्याचे रक्षण करायचे ती माहिती कोणत्या यंत्रावर आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, तर पुढच्या पर्यायांपैकी निम्मे आपोआप गळतात.

वेबसाइटचा महत्त्वाचा कोड आपल्या सर्व्हरवर असतो. डेस्कटॉप अ‍ॅपचा सगळा कोड वापरकर्त्याच्या हाती जातो. तो उघडून वाचता येतो, डिबगर (चालता प्रोग्राम तपासण्याचे साधन) लावून थांबवता येतो, त्यातली एखादी सूचना बदलून ‘पासवर्ड चुकला’ ही वाट ‘पासवर्ड बरोबर’ या वाटेकडे वळवता येते. त्यामुळे अ‍ॅपच्या आत केलेली तपासणी टाळता येते आणि अ‍ॅपच्या आत लपवलेली गुप्त किल्ली गुप्त राहत नाही. डेटाबेसचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवून अ‍ॅप थेट मध्यवर्ती डेटाबेसशी जोडण्याची पद्धत अजूनही बरीच दिसते. तिथे साइन-इनचा पडदा कितीही नेटका असला तरी फाइल उघडणारा प्रत्येक जण पडद्याला वळसा घालून थेट तक्त्यांपर्यंत पोहोचतो. अशा रचनेत आधी मध्ये सर्व्हर आणावा लागेल, साइन-इनचा विचार त्यानंतर.

माहिती त्याच यंत्रावर असेल तर

इंटरनेटशिवाय चालणारी रोजनिशी, हिशेबाची वही, रुग्णांच्या नोंदी ठेवणारे एका संगणकावरचे अ‍ॅप अशा ठिकाणी सर्व्हर नसतो आणि त्याची गरजही नसते. इथे बहुतेक जण पासवर्डचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड सहज काढता येत नाही असा ठसा) स्थानिक डेटाबेसमध्ये ठेवतात आणि सुरुवातीला तो जुळवून पाहतात. याला संरक्षण म्हणता येत नाही, कारण डेटाबेसची फाइल उघडीच असते आणि ती दुसऱ्या साधनाने वाचता येते. एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांनी चुकून एकमेकांच्या नोंदी उघडू नयेत एवढाच हेतू असेल तर हे पुरते, पण मग वापरकर्त्याला त्याहून अधिक काही सांगू नये.

खरे रक्षण हवे असेल तर पासवर्ड हा तपासण्याचा विषय राहत नाही. त्यातूनच माहिती उलगडण्याची किल्ली तयार व्हावी लागते. एसक्यूएलसायफरसारखे तयार कोडचे ग्रंथालय एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसची संपूर्ण फाइल एन्क्रिप्ट करते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करते, आणि पासवर्ड चुकला तर ती फाइल निरर्थक बाइटांचा ढीग ठरते. मग अ‍ॅपमधली कोणतीही सूचना बदलून उपयोग होत नाही. किल्ली थेट पासवर्डवरून न बनवता यादृच्छिक किल्लीने माहिती बंद करावी आणि ती किल्ली पासवर्डवरून बनलेल्या दुसऱ्या किल्लीने बंद करावी, म्हणजे पासवर्ड बदलताना सगळी फाइल नव्याने लिहावी लागत नाही. किंमत एकच, पण मोठी आहे: पासवर्ड विसरला तर माहिती गेली. ‘पासवर्ड विसरलात?’ हा दुवा इथे प्रामाणिकपणे देताच येत नाही. फार तर सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवण्यासाठी एक पुनर्प्राप्ती संकेत देता येतो.

माहिती सर्व्हरवर असेल तर: स्वतःचा पडदा की ब्राउझर

बहुतेक वाचकांचा प्रश्न इथलाच असेल आणि चुकीची निवडही बहुधा इथेच होते. पहिली वाट अशी की अ‍ॅपच्या खिडकीतच नाव आणि पासवर्ड घ्यायचा, तो एचटीटीपीएसवरून आपल्या सर्व्हरला पाठवायचा आणि सर्व्हरने टोकन, म्हणजे पुढच्या विनंत्यांसोबत दाखवायची ओळखखूण, परत द्यायचे. दुसरी वाट अशी की अ‍ॅपने संगणकावरचा नेहमीचा ब्राउझर उघडायचा, साइन-इन तिथे होऊ द्यायचे आणि निकाल परत अ‍ॅपमध्ये आणायचा.

पहिली वाट दिसायला सरळ आहे. खिडकी बदलत नाही, रंगसंगती आपली राहते, बाहेरच्या सेवेवर अवलंबून राहावे लागत नाही. पण त्या दोन चौकटींमागून येणारी कामांची रांग लांब असते: सर्व्हरवर पासवर्ड अर्गॉन२आयडीसारख्या संथ पद्धतीने साठवणे (सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार किमान १९ मेबीबाइट स्मृती आणि २ फेऱ्या), वारंवार चुकणाऱ्या प्रयत्नांना लगाम घालणे, ईमेल पडताळणे, पासवर्ड बदलण्याची वाट देणे आणि पुढेमागे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी जोडणे. बारीक खाचखळगेही आहेत. बीक्रिप्ट ही जुनी पद्धत पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते; देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागत असल्याने आणि मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असल्याने, मराठीत लिहिलेल्या लांबलचक परवलीच्या वाक्यातला साधारण २४ चिन्हांनंतरचा मजकूर हिशेबातच येत नाही. शिवाय दुसरा टप्पा जोडायचा झाला की सर्व्हरबरोबर अ‍ॅपचीही नवी आवृत्ती काढावी लागते, आणि जुनी आवृत्ती वापरणारे मागे राहतात.

ब्राउझरच्या वाटेची बाजू याच ठिकाणी जड होते. पासवर्ड न देता अ‍ॅपला टोकन मिळवून देणाऱ्या ओऑथ २.० या रीतीचा मूळ आराखडा २०१२ चा. डेस्कटॉप आणि मोबाइल अ‍ॅपनी तो कसा वापरावा हे आरएफसी ८२५२ या ऑक्टोबर २०१७ च्या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांची क्रमांकित मालिका) नीट सांगितले आहे. अ‍ॅप १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकावर, तात्पुरते एक पोर्ट (जोडणी स्वीकारण्याचे दार) उघडते, ब्राउझरमध्ये साइन-इनचे पान उघडते, आणि साइन-इन झाल्यावर ब्राउझर अल्पायुषी संकेत (कोड) घेऊन त्या पोर्टवर परत येतो. अ‍ॅप तो संकेत सर्व्हरला देऊन टोकन घेते आणि पोर्ट बंद करते. पत्ता आकड्यांतच लिहावा, ‘लोकलहोस्ट’ हे नाव वापरू नये, असे तो दस्तऐवज सुचवतो, कारण त्या नावाचा अर्थ संगणकाच्या मांडणीनुसार बदलू शकतो. पोर्ट उघडायचे नसेल तर अ‍ॅपसाठी स्वतंत्र पत्त्याची योजना (दुव्याची अशी खास सुरुवात, जी थेट ते अ‍ॅप उघडते) नोंदवता येते, पण तीच योजना दुसरे अ‍ॅपही नोंदवू शकते आणि संकेत भलत्याच्या हाती पडू शकतो. डेस्कटॉपवर म्हणूनच मी पोर्टची पद्धत पसंत करतो.

संकेत वाटेत कोणी उचलला तर काय, या शंकेसाठी पीकेसीई ही ओऑथची पुरवणी आहे, जिला बोलताना ‘पिक्सी’ म्हणतात. अ‍ॅप आधी ४३ ते १२८ अक्षरांची यादृच्छिक ओळ तयार करते, ब्राउझरमार्गे तिचा फक्त एसएचए-२५६ हॅश पाठवते, आणि टोकन मागताना मूळ ओळ दाखवते. संकेत चोरणाऱ्याजवळ ती ओळ नसते. अ‍ॅपमध्ये गुप्त किल्ली ठेवता येत नाही ही सुरुवातीची अडचण इथे सुटते, कारण ही ओळ प्रत्येक साइन-इनला नवी असते आणि आधीपासून कुठेही लपवलेली नसते.

या वाटेने पासवर्ड अ‍ॅपच्या हाती येतच नाही. पासवर्ड व्यवस्थापक चालतात, पासकी (पासवर्डऐवजी यंत्रात ठेवलेली किल्ली) चालतात, माणूस आधीच साइन-इन असेल तर एका टिचकीत काम होते, आणि उद्या सर्व्हरने पडताळणीचा नवा टप्पा आणला तरी अ‍ॅपला हात लावावा लागत नाही. तोटा म्हणाल तर खिडकी बदलते. काही वापरकर्ते ब्राउझरमध्येच थांबून राहतात. साइन-इन झाल्यावर ‘आता अ‍ॅपकडे परत या’ असे स्पष्ट सांगणारे पान दाखवले आणि अ‍ॅपची खिडकी पुढे आणली की ही अडचण बरीच कमी होते. ब्राउझर बंद करून माणूस निघून गेला तर अ‍ॅपने कायम वाट पाहत बसू नये, यासाठी मुदत आणि ‘रद्द करा’ बटणही ठेवावे. ही गोष्ट पहिल्या आवृत्तीत हमखास राहून जाते.

दोन्ही वाटांचा मेळ म्हणून अ‍ॅपच्याच खिडकीत वेबपान बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या खिडकीत टंकलेले प्रत्येक अक्षर अ‍ॅपला वाचता येते, पत्त्याची पट्टी नसल्याने वापरकर्त्याला पान खरे की खोटे हे कळत नाही, आणि नेहमीच्या ब्राउझरमधले साइन-इन तिथे उपयोगी पडत नाही. आरएफसी ८२५२ याला स्पष्ट मनाई करतो, आणि गूगलने २०१७ पासून अशा खिडक्यांमधून येणाऱ्या साइन-इनच्या विनंत्या नाकारायला सुरुवात केली. ओऑथच्याच नावाखाली पासवर्ड थेट पाठवून टोकन घेण्याचा जुना प्रकारही आता बाद आहे: जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये तो वापरू नये असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे.

ज्या यंत्रावर ब्राउझरच नाही, किंवा जिथे केवळ टर्मिनल आहे, तिथे अ‍ॅपने छोटा कोड दाखवायचा आणि वापरकर्त्याने तो फोनवर टाकायचा, ही आरएफसी ८६२८ मधली पद्धत चालते. डेस्कटॉपवर ब्राउझर असताना ती सोपी वाटते म्हणून निवडू नये, कारण फसवणारा स्वतःच्या यंत्रावरचा कोड दुसऱ्याला पाठवून त्याच्याकडून मंजुरी मिळवू शकतो.

कार्यालयाचे जाळे असेल तर

एकाच संस्थेत वापरायच्या अ‍ॅपला नवे पासवर्ड जन्माला घालण्याचे कारण नसते. संगणक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (मायक्रोसॉफ्टची संस्थेतली खाती सांभाळणारी व्यवस्था) डोमेनमध्ये असेल, तर सकाळी विंडोजमध्ये शिरतानाच माणसाची ओळख पटलेली असते आणि कर्बरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या तिकिटावर अ‍ॅप सर्व्हरला ती दाखवू शकते. साइन-इनचा पडदा लागतच नाही. अट अशी की सर्व्हरही त्या डोमेनला ओळखत असावा, आणि यंत्रांच्या घड्याळांत नेहमीच्या मांडणीनुसार ५ मिनिटांहून जास्त फरक नसावा. घरून काम करणाऱ्यांचे संगणक डोमेनपर्यंत पोहोचत नसतील, तर संस्थेचीच ओळखसेवा ब्राउझरच्या वाटेने वापरणे बरे पडते.

एलडॅपवर, म्हणजे संस्थेच्या खात्यांच्या यादीशी बोलण्याच्या रीतीने, नाव-पासवर्ड तपासणे हा मधला उपाय अनेक ठिकाणी आहे. त्यातला एक सापळा सांगायलाच हवा: पासवर्ड रिकामा पाठवला तर काही सर्व्हर त्याला अनामिक जोडणी समजून ‘यशस्वी’ असे उत्तर देतात, आणि त्या उत्तरावर विसंबलेले अ‍ॅप कोणालाही आत घेते. रिकामा पासवर्ड सर्व्हरकडे जाण्याआधीच नाकारावा.

टोकन कुठे ठेवायचे

सर्व्हरच्या कोणत्याही वाटेने गेलात तरी रोज साइन-इन करायला लावायचे नसेल तर टोकन जपून ठेवावे लागते, आणि साध्या फाइलमध्ये ठेवले तर वरची सगळी मेहनत वाया जाते. गुपिते ठेवायला प्रत्येक कार्यप्रणालीची स्वतःची सोय असते: मॅकओएसवर कीचेन, विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजर किंवा डीपीएपीआय, लिनक्सवर सीक्रेट सर्व्हिस ही जागा आहे. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये एका नोंदीला २५६० बाइटांची मर्यादा आहे आणि लांब टोकन तिथे मावत नाही. अशा वेळी किल्ली तिथे ठेवून टोकन एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये ठेवावे. इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवण्याचा सांगाडा) अ‍ॅप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की लिनक्सवर योग्य साठवण सापडली नाही तर त्यातील सेफस्टोरेज ही गुपिते साठवण्याची सोय कोडमध्येच लिहिलेल्या पासवर्डाने माहिती झाकते, म्हणजे जवळपास उघडीच ठेवते. तसे झाले आहे का हे तपासून वापरकर्त्याला सांगावे. त्याच खात्यात शिरलेल्या घातक प्रोग्रामपासून यांपैकी कोणतीही जागा पूर्ण वाचवत नाही, म्हणून टोकनची मुदत कमी ठेवणे आणि नूतनीकरणाचे टोकन (ज्यावर नवे टोकन मिळते ते) प्रत्येक वापरानंतर बदलणे ही जबाबदारी सर्व्हरकडे उरते.

मग निवड कशी करावी

सर्व्हर नसेल तर एन्क्रिप्शन; संस्थेचे डोमेन असेल तर तीच ओळख; बाकी सर्वांसाठी पीकेसीईसह ब्राउझर, हा माझा कल आहे. स्वतःचा पडदा मी एकाच स्थितीत समर्थनीय मानतो: सर्व्हर आपला आहे, वापरकर्ते थोडे आहेत, आणि वर सांगितलेली कामांची रांग ओढायला पुढची काही वर्षे कोणीतरी नेमलेले आहे. केवळ ‘खिडकी बदलते’ या कारणासाठी तो निवडू नये. तयार ओळखसेवा विकत घ्यायची की कीक्लोकसारखी मुक्त स्रोत सेवा स्वतः चालवायची हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि अ‍ॅप ओपनआयडी कनेक्टच्या (ओऑथवर बेतलेली ओळख सांगण्याची पद्धत) ठरलेल्या रीतीने बोलत असेल तर तो नंतर बदलताही येतो.

तो बदल पुढे सुखाचा व्हावा यासाठी पहिल्याच दिवशी वापरकर्त्यांच्या तक्त्याची रचना बघावी. ईमेल ही ओळख धरू नये. ईमेल बदलतो, आणि सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता संस्था दुसऱ्याला देऊ शकते. ओपनआयडी कनेक्टमध्ये ओळखसेवेचा पत्ता आणि तिने त्या व्यक्तीला दिलेला क्रमांक ही जोडीच बदलत नाही असे धरता येते. तक्त्यात आपला स्वतंत्र क्रमांक ठेवून ही जोडी त्याला बाजूच्या तक्त्यातून जोडली, तर एकाच माणसाला उद्या दुसऱ्या सेवेनेही साइन-इन करता येते आणि त्याच्या जुन्या नोंदी त्याच्याच नावावर राहतात.