ओट्यावरचा डिजिटल काटा : पाच महिने वापरल्यावर

जानेवारीत माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाल्या, गोळी नको, आधी वजन उतरवा. वय ४६, वजन ७४ किलो. घरी आले ती भात-भाकरी बंद करायचं ठरवूनच. चार दिवस नुसत्या काकड्या आणि ताक. पाचव्या दिवशी शाळेत दुसऱ्या तासालाच गळून गेले. मग एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून हा काटा मागवला, ४५० रुपयांचा.

पाच किलोपर्यंत तोलतो, एकेक ग्रॅम दाखवतो. पहिला नग बिघडलेलाच आला, रिकामा ठेवला तरी आकडा हलत राहायचा. विक्रेत्याने बदलून द्यायला तीन आठवडे लावले, याचा मला अजून राग आहे. दुसरा मात्र चोख. मिठाची किलोची न फोडलेली पिशवी ठेवली तर १००४, पिशवीसकट.

परात त्यावर मावत नाही, म्हणून पीठ वाटीत घेते. वाटी ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, मग पीठ. पहिल्या दिवशी नेहमीच्या अंदाजाने एका भाकरीचं पीठ घेतलं तर ९५ ग्रॅम! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३३५ कॅलरी आणि ६८ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे माझी एक भाकरी तीनशेच्या वर, आणि मी दोन खायचे. गव्हाचा आकडाही जवळपास तेवढाच. पोळी सोडून भाकरी धरली की वजन उतरतं, असं मी आजवर किती जणींना सांगितलं असेल! आता ५० ग्रॅमची भाकरी थापते. ती बंद केलेली नाही, शेजारी मटकीची उसळ वाढवली. चाळीस ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणले की वाटी भरून उसळ होते आणि आठेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. दुपारी चारला फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात त्यानेच थांबला.

खरा धडा तेलाने दिला. हा काटा थेंब-थेंब पडणारं तेल नीट पकडत नाही, दोन-तीन ग्रॅम चुकवतो. हा दोष आहेच. त्यावर उपाय म्हणजे फोडणीआधी तेलाची बाटली तोलायची आणि फोडणीनंतर पुन्हा. माझ्या ‘दोन पळ्या’ म्हणजे ३४ ग्रॅम निघाल्या. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, कर्बोदकांच्या ४. चौघांच्या एका भाजीत तीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि मी दोष देत होते भाताला.

एकादशीची खिचडीही तोलली. माझ्या ताटात कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३० आणि तूप १०. बटाटा सोडून पाचशेच्या वर गेलं, आणि त्यातली प्रथिनं जवळजवळ सगळी त्या कुटातली. आता उपासाला भगर करते, तीही तोलूनच, आणि सोबत वाटीभर दही.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. “अगं, अन्न काय तोलून खायचं असतं? बरकत जाते.” मी म्हटलं, “आई, वाढताना नाही हो तोलत, रांधताना तोलते.” खरंच ताट मी काट्यावर ठेवत नाही. जेवताना आकडे डोळ्यांपुढे आले की घास गोड लागत नाही. भाकरी आणि फोडणीचा अंदाज हाताला बसलाय, त्यामुळे हल्ली आठवड्यातून दोनदाच काटा काढते.

तक्रारी आणखी दोन. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, मळताना हात पिठाचे असले की फार चिडचिड होते. बटणाच्या फटीत पीठ अडकतं, ते जुन्या टूथब्रशने काढावं लागतं. बॅटरीचे सेल मात्र अजून पहिलेच आहेत.

जूनमध्ये वजन ६८.५ आणि एचबीएवनसी ५.८. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर भात-भाकरीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच कमी करा. काटा घ्यायचाच असेल तर सपाट काचेचा बघा, पुसायला सोपा जातो. माझ्या बहिणीसाठी मी तसाच मागवलाय.