अल्फाचा डाग शोधायचाय: हातातला प्रोब घ्यावा की अंधारातला कॅमेरा?

किरणोत्सर्गी पदार्थ सांडून पृष्ठभागावर पडलेला डाग शोधायचा, आणि तो पदार्थ अल्फा कण (अणुकेंद्रातून सुटणारे जड कण) सोडणारा. असा कण हवेत जेमतेम ४ सेंटीमीटर जातो. कागद, पाण्याचा थर, साधा हातमोजासुद्धा त्याला अडवतो. म्हणून सिंटिलेशन प्रोब (कण आदळला की आत चमक उठते आणि ती मोजणारं हातातलं यंत्र) पृष्ठभागापासून सेंटीमीटरभर अंतरावर धरून मुंगीच्या चालीने फिरवावा लागतो. तेवढ्यात एखादा खिळा खिडकीच्या पातळ पापुद्र्यात घुसला की प्रोब बाद, आणि डागाला टेकला तर प्रोबच दूषित.

कॅमेरा कणाच्या मागे लागतच नाही. कण हवेत थांबता थांबता नायट्रोजनच्या रेणूंना उत्तेजित करतो आणि ते ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, विशेषतः ३३७ ला, अतिनील प्रकाश सोडतात. हा प्रकाश कणासारखा चार बोटांवर संपत नाही, दूरवर पोचतो. चमक जुनीच आहे: हगिन्स या खगोलशास्त्रज्ञ दांपत्याने १९०३ मध्ये रेडियमच्या उजेडात नायट्रोजनचे पट्टे ओळखले होते.

आता हिशेब, कारण निर्णय इथेच होतो. समजा अमेरिशियम-२४१ या अल्फा सोडणाऱ्या पदार्थाचा १००० बेकरेलचा, म्हणजे सेकंदाला १००० कण सोडणारा डाग आहे. निम्मे कण वर येतात, म्हणजे सेकंदाला ५००. कणाच्या ऊर्जेच्या दर एमईव्हीमागे (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक; या कणाची ऊर्जा साधारण साडेपाच) हवेत सुमारे २० फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, धरले तर एका कणाचे शंभरेक, एकूण सेकंदाला ५०,०००. दोन मीटरवरच्या १० सेंटीमीटर व्यासाच्या भिंगात त्यातले सेकंदाला येतात फक्त आठ! फिल्टर आणि सेन्सरची कपात यानंतरची. त्याच डागावर प्रोब सेकंदाला शंभरावर काउंट (मोजलेले कण) सहज देतो.

म्हणून कॅमेऱ्याची खरी किंमत अंधारात मोजावी लागते. दिवसाउजेडात याच पट्ट्यातला सूर्यप्रकाश सगळं बुडवून टाकतो. पांढऱ्या एलईडीत हा पट्टा जवळजवळ नसतो, पण फिल्टरमधून किंचित गळती झाली तरी आठ फोटॉन हरवायला ती पुरते. लांब एक्स्पोजर आलंच. आणि कण धुळीत किंवा रंगाखाली गाडला गेला असेल, तर दोन्ही साधनं आंधळी.

बीटा-गॅमा या दुसऱ्या प्रकारच्या किरणोत्सर्गाचं काय? त्यांचीही चमक पडते, पण मोठ्या जागेत पसरून फिकी होते. ठिपका अल्फाचाच उठून दिसतो. मात्र गॅमा फार असेल तर ते थेट सेन्सरवरच ठिपके उमटवतात.

माझं मत विचाराल तर, मोकळं टेबल, फरशी, हातमोजे यांना प्रोबच. जागा स्वच्छ झाली हे ठरवायलाही तोच, कारण कॅमेरा डाग कुठे आहे हे छान सांगतो, किती आहे हे अदमासाने, आणि कोणत्या समस्थानिकाचा (मूलद्रव्याच्या कोणत्या प्रकाराचा) आहे हे सांगतच नाही. कॅमेरा घ्यावा तो हात पोचत नाही तिथे: उंच डक्ट, मोडीत काढायची खोली, बंद ग्लोव्ह बॉक्स (बसवलेल्या हातमोज्यांतून आत काम करायची हवाबंद पेटी). बॉक्समध्ये नायट्रोजन भरलेला असेल तर दुधात साखर, कारण चमक विझवणारा ऑक्सिजनच नसतो.

फक्त ग्लोव्ह बॉक्सची खिडकी तपासा. पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लॅस्टिक हा पट्टा गिळून टाकतं. कॅमेऱ्याच्या प्रात्यक्षिकाला जाताना त्याच खिडकीचा एक तुकडा सोबत न्या आणि भिंगासमोर धरायला सांगा.