लाल गोळी घ्यावी की मेडिकलची पट्टी?

बाजाराच्या दिवशी दुपारी एक सासू-सून माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आल्या. सुनेला पाचवा महिना. पिशवीत आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या, हातात खासगी डॉक्टरांची चिठ्ठी, आणि वाद घरूनच सुरू झालेला.

"फुकटची गोळी कसली गुणाची! तुम्ही आपली भारीतली द्या," सासूबाई म्हणाल्या.

सून हळूच म्हणाली, "त्या लाल गोळीनं मळमळतं हो ताई. दहा घेतल्या, मग सोडल्या."

हा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि दरवेळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत अर्धंच उत्तर देऊन होतं. म्हणून जरा निवांतपणे लिहिते आहे.

दोन्ही पट्ट्या उलट्या करून शेजारी ठेवा. उपकेंद्रातली लाल, साखरेचा थर दिलेली गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पूर्वी तिच्यात १०० मिलिग्रॅम लोह असायचं. २०१८ साली 'ॲनिमियामुक्त भारत' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ते ६० वर आणलं. मेडिकलमध्ये हल्ली सगळ्यात जास्त खपते ती फेरस ॲस्कॉर्बेटची गोळी: बहुतेक पट्ट्यांवर १०० मिलिग्रॅम लोह आणि दीड मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. आकडा वाचताना एक जपायचं, 'एलिमेंटल आयर्न' हे शब्द शोधायचे. क्षाराचं वजन वेगळं, आतलं खरं लोह वेगळं. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या साधारण ३३ टक्के लोह असतं, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅम ग्लुकोनेटच्या गोळीत हाती लागतं ३५ मिलिग्रॅम. मोठा आकडा बघून भुलायचं नाही.

सासूबाईंचा हिशेब साधा होता: शंभर हे साठपेक्षा जास्त. पण शरीर तसं मोजत नाही. पोटात लोह मोठ्या मात्रेत गेलं की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्याचं दार थोडं ओढून घेतं. ते पुढचे जवळपास २४ तास चढलेलं राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे मोजून दाखवलं. लोह कमी असलेल्या तरुण बायकांना त्यांनी ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या काहींना रोज, काहींना दिवसाआड दिल्या. दिवसाआड घेणाऱ्यांनी तेवढ्याच गोळ्यांतून जास्त लोह शोषलं. न शोषलेलं लोह आतड्यातच राहतं, आणि मळमळ, बद्धकोष्ठ, पोटात मुरडा हा बराचसा त्याचाच प्रताप. म्हणून गरोदर नसलेल्या, ॲनिमिया सौम्य असलेल्या आणि रोजची गोळी न सोसणाऱ्या बाईला बरेच डॉक्टर आता दिवसाआड एक सांगतात. गरोदरपणात मात्र सरकारी कार्यक्रमाची मात्रा रोजचीच आहे: चौथ्या महिन्यापासून १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तिथे आपल्या मनानं दिवसाआड करू नये. पोटातल्या बाळासकट त्या नऊ महिन्यांची लोहाची गरज हजार मिलिग्रॅमच्या आसपास जाते.

मग फेरस ॲस्कॉर्बेट चांगलं की लाल गोळीतलं फेरस सल्फेट? माझं मत सांगते. ॲस्कॉर्बेट हे काहींना पोटाला हलकं जातं, शोषणही चांगलं. पण सल्फेट हे जुनं आणि जगभर वापरलेलं औषध आहे. वेळ पाळून घेतलं तर त्यानं एचबी (हिमोग्लोबिन) वाढतं, यात शंका नाही. दहा गोळ्यांच्या ब्रँडेड पट्टीला शंभराच्या वर मोजावे लागतात, आणि कोर्स महिनोन् महिने चालतो. दुसऱ्या महिन्यात पैसे संपले म्हणून पट्टी बंद पडली तर भारीतल्या गोळीचा काय उपयोग? पैसे घालायचेच असतील तर जनऔषधी केंद्रात तेच फेरस ॲस्कॉर्बेट बरंच स्वस्त मिळतं. (हे लिहून मी माझ्याच गल्ल्यावर पाय देते आहे, असू द्या.)

तिसरा पर्याय आयर्न पॉलिमाल्टोजचा. याला लोखंडी चव नाही, मळमळ कमी, आणि जेवणासोबत घेतलं तरी चालतं. ऐकायला सगळं छान. पण एचबी वाढायचा वेग साध्या फेरस गोळ्यांपेक्षा बरेचदा कमी पडतो. एचबी अकराच्या आसपास आहे, दोन प्रकारच्या गोळ्या सोसल्या नाहीत, घाई नाही, अशा बाईला मी हे सुचवलेलं डॉक्टरांना पटतं. सातवा महिना आणि एचबी आठ असेल तर नाही. एन्टेरिक कोटिंगवाल्या गोळ्या तर मी सुचवतच नाही. लोह शोषलं जातं जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात, आणि ती गोळी विरघळते त्याच्याही खाली गेल्यावर.

सिरप मुलांसाठी ठीक. दात काळपट होतात, म्हणून ड्रॉपरनं जिभेच्या मागे सोडायचं आणि वर पाणी पाजायचं.

आता त्या सुनेच्या मळमळीकडे येते. मी तिला विचारलं, गोळी घेतेस कधी? "सकाळी, चहाबरोबर. लक्षात राहतं ना." उपाशीपोटी लोह आणि वर चहा! मळमळ पूर्ण वसूल, आणि लोह चहातल्या टॅनिननं धरून ठेवलेलं. आपल्याकडे तर चहाच्या वेळा दिवसभर पेरलेल्या: उठल्यावर, दहाला, चारला, कोणी आलं की. त्यात तिला कॅल्शियमच्या दोन गोळ्याही होत्या. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी पोटात गेले की एकमेकांच्या पायात पाय घालतात. निदान दोन तासांचं अंतर हवं. मी तिच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं: नाश्त्यासोबत एक कॅल्शियम, दुपारच्या जेवणासोबत दुसरं. रात्री आठला जेवण, दहाला लोहाची गोळी, पेलाभर लिंबूपाण्यासोबत. व्हिटॅमिन सीमुळे लोह नीट शोषलं जातं. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं बसायचं, नाहीतर गोळी अन्ननलिकेत रेंगाळून जळजळते. चहा गोळीच्या आधी-नंतर निदान तासभर नको. तरीही मळमळलंच तर दोन घास खाऊन घे. शोषण थोडं कमी होईल, पण सोडून दिलेल्या गोळीचं शोषण शून्य असतं. ब्रँड बदलण्याआधी आठ दिवस वेळ बदलून बघ, असं मी प्रत्येकीला सांगते. निम्म्याअधिक जणींचं तेवढ्यानं भागतं.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तास ठेवा. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांचं लोह कमी शोषलं जातं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक्स सुरू असतील तर घेण्याच्या वेळा फार्मसिस्टकडून लिहून घ्या.

शौचाला काळं होणं हे बहुतेक बायकांना घाबरवतं. ते लोहाचं आहे, काळजी नाही. पण डांबरासारखं चिकट, दुर्गंधी असलेलं काळं होत असेल, पोट दुखत असेल, त्यात दुखण्याच्या गोळ्या रोजच्या असतील, तर ते आतला रक्तस्राव असू शकतं. लगेच दाखवायचं. राहिली ती "गोळ्यांनी बाळ काळं होतं" आणि "बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडतं" ही भीती. सासूबाईंनी दोन्ही बोलून दाखवल्या. रंगाचा लोहाशी काही संबंध नाही. उलट ॲनिमिया राहिला तर बाळ कमी वजनाचं होण्याचा आणि बाळंतपणातला रक्तस्राव आईला न झेपण्याचा धोका वाढतो.

कोणती गोळी यापेक्षा किती गोळ्या, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तिथेच घोळ होतो. शाळेत मुलींना मिळणारी निळी गोळी आठवड्यातून एक, ती ॲनिमिया होऊ नये म्हणून. एचबी नऊ आलेल्या मुलीचं त्या एका निळ्या गोळीवर भागणार नाही, तिला उपचाराची मात्रा लागते. गरोदर बाईला प्रतिबंधासाठी रोज एक लाल गोळी. ॲनिमिया निघाला, म्हणजे एचबी ११ च्या खाली, तर सरकारी पद्धतीत रोज दोन. गरोदर नसलेल्या बाईची रेघ १२ वर, पुरुषाची १३ वर. आणि एचबी रेघेवर आलं की लोक पट्टी टाकून देतात! रक्त भरलं तरी साठा रिकामाच असतो. तो भरायला आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते.

सुईचं काय? काही घरांत सरळ "रक्ताचं सलाईन लावा" असं सांगतात. लोहाची सलाईन म्हणजे आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. सुक्रोजला दिवसाआड चार-पाच खेपा पडतात, कार्बोक्सिमाल्टोजमध्ये एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत जातं. गोळी खरोखर सोसत नाही, एचबी पाच ते सातच्या मध्ये आहे, किंवा दिवस भरत आले आणि वेळ उरला नाही, तेव्हा तीच योग्य. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नको, आणि रिॲक्शन आली तर सांभाळायची सोय असलेल्या दवाखान्यातच. अशक्तपणा वाटतो म्हणून घरी लावून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

या सगळ्या तुलनेला एक अट आहे: ॲनिमिया लोहाचाच असला पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, महाराष्ट्रात ५४ टक्के ॲनिमिक निघाल्या, पण त्या सगळ्यांना लोहच कमी होतं असं नाही. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता भरपूर दिसते. तिथे लोहानं भागत नाही, आणि फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेनं एचबी सुधारल्यासारखं दिसून नसांचं नुकसान आत चालूच राहतं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिंधी, लोहाणा, भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमिया मायनर, हाही आनुवंशिकच, बराच आढळतो. त्यात एचबी दहा-अकरावर अडलेलं असतं, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी असतो, आणि लोक वर्षानुवर्षं लोह खात राहतात. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून कमी असेल तरच अशांना लोह. पुरुषांनी आणि पाळी गेलेल्या बायकांनी तर स्वतःहून पट्टी मागूच नये. त्यांचं लोह कमी झालं म्हणजे बहुधा रक्त कुठून तरी जातंय, मूळव्याध असेल, अल्सर असेल, आतड्याचा कॅन्सरही असू शकतो. ते शोधायला हवं.

नीट घेऊनही महिन्यात एचबी एकानं वाढलं नाही, तर गोळी बदलण्यापेक्षा निदान पुन्हा तपासायचं. जंताची गोळी घेतली होती का, तेही आठवायचं.

त्या सुनेनं शेवटी काही विकत घेतलं नाही. लाल गोळ्याच चालू ठेवते म्हणाली, रात्रीच्या. जाताना पिशवीतून पुडी काढून दाखवली: दहा-पंधरा सुट्या गोळ्या कागदात बांधलेल्या, दमट हवेनं दोन-तीन पाघळून एकमेकींना चिकटलेल्या, कागदाला लाल डाग. चकचकीत होत्या तेवढ्या अगदी शेंगदाण्याच्या रंगीत गोळ्यांसारख्या दिसत होत्या, आणि तिचं मोठं पोर दोन वर्षांचं, काउंटरवर हात घालत होतं. दहा किलोच्या मुलानं अशा दहा गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. चार गोळ्यांतही दवाखाना गाठावा लागतो. आधी उलट्या होतात, मग काही तास पोर बरं दिसतं आणि घरचे गाफील राहतात. मी पाघळलेल्या गोळ्या बाजूला काढल्या, बाकीच्या घट्ट फिरकीच्या झाकणाच्या रिकाम्या डबीत भरून दिल्या, आणि डबी देवळीत नको, कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात ठेव म्हणून सांगितलं. उरलेल्यांच्या बदल्यात सिस्टरकडून बंद पट्टी मागून घे, हेही.