शाळा, चावडी, चौक: ग्रामसभेने कोणता ठराव घ्यावा?

जून २०२२ मध्ये अमरावतीत एका औषध दुकानदाराचा खून झाला. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून अकोल्यात दंगल पेटली. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या काही भागांत संचारबंदी लागली. धर्मावरून पेटलेल्या या घटना शहरातल्या, पण झळ खेड्यात पोचतेच. बाजाराच्या दिवशी ओळखीची माणसं नजर चुकवू लागतात आणि मग ग्रामसभेत विषय निघतो. एक बाजू म्हणते, गावाच्या सामाईक जागेत धर्माचं काहीच नको. दुसरी म्हणते, सगळ्यांचं चालू द्या, पण सगळ्यांना सारखं. तुमच्या गावाला यातली एक वाट निवडायची असेल, तर हात वर करण्याआधी दोन्ही नीट पाहून घ्या.

काहीच नको

ही वाट फ्रान्सची म्हणून सांगितली जाते. तिथला १९०५ चा कायदा मुळात फार शहाणा आहे. पहिलं कलम माणसाला विवेकाचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य देतं. दुसरं कलम सरकारला बांधतं: कोणत्याही पंथाला मान्यता नाही, पगार नाही, अनुदान नाही. म्हणजे तटस्थ राहायचं ते सरकारने, नागरिकाने नाही. पुढे २००४ मध्ये सरकारी शाळेत ठळक धार्मिक खुणा घालून यायला विद्यार्थ्यांना बंदी झाली आणि २०२३ मध्ये अबाया, म्हणजे मुस्लिम मुलींचा अंगभर झगाही त्यात आला. जे बंधन सरकारवर होतं, ते लेकरांवर आलं.

त्याने हिंसा थांबली का? जानेवारी २०१५ मध्ये शार्ली एब्दो साप्ताहिकावरच्या हल्ल्यात १२ जण मेले, नोव्हेंबरात पॅरिसमध्ये १३०. ऑक्टोबर २०२० मध्ये साम्युएल पाती या शिक्षकाची निर्घृण हत्या झाली. बंदीमुळे हे घडलं असं मी म्हणत नाही, पण बंदीने ते टळलंही नाही. पातींची गोष्ट खेड्यातल्या प्रत्येक पालकाने ऐकावी. वर्गात काय झालं ते एका मुलीने घरी सांगितलं. ती त्या तासाला हजरच नव्हती. बापाने खातरजमा न करता व्हिडिओ टाकला, तो पसरत गेला आणि थोड्याच दिवसांत एका अनोळखी तरुणाने शिक्षकाचा जीव घेतला. अकोल्याची ठिणगीही फोनमधूनच पडली होती. मुलींच्या डोक्यावरच्या रुमालावर नेम धरणारा ठराव या साखळीला हातही लावत नाही.

सगळ्यांना सारखं

ही आपल्या संविधानाच्या जवळची वाट. कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादांत. विदर्भाला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला सगळ्या जातिधर्मांची माणसं एका रांगेत बसत आली. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात कोण कुठल्या धर्माचा, हे कोणी विचारत नाही. याच नागपुरात १९५६ साली बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी आपला धर्म आपण निवडला.

तरी या वाटेत एक मोठी खोट आहे. ‘सारखं’ म्हणता म्हणता ते मोठ्या वस्तीचं होऊन जातं. ज्या समाजाची चारच घरं, त्यांच्याकडे ना वर्गणी, ना मंडप, ना डीजे. दोन समाज तुल्यबळ असले तर चढाओढ लागते: त्यांचा एक भोंगा, तर आपले दोन. आणि ‘सगळ्यांचं’ या नावाखाली शाळेत एकाचीच पूजा होते, तेव्हा मागच्या बाकावरचं लेकरू गप्प उभं राहतं. ही गोष्ट मला फार लागते.

माझं मत

जागेप्रमाणे वाट वेगळी धरा.

शाळा आणि ग्रामपंचायत कार्यालयासाठी १९०५ च्या कायद्याचा गाभा घ्या, २००४ चा नको. संस्था तटस्थ, लेकरू मोकळं. आपलं कलम २८ तेच सांगतं: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय कोणत्या मुलाला उपासनेला बसवता येत नाही. केरळातल्या तीन भावंडांनी श्रद्धेपोटी राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेने त्यांना काढलं, पण ती आदराने उभी राहिली होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. मग टिळा, रुमाल, निळा गमछा यांवरून कोणत्या पोराला दाराबाहेर उभं करू नका. पैशाचंही तसंच. एखाद्या धर्मासाठी खास राखलेला कर कोणावर लादता येत नाही, असं कलम २७ सांगतं. घरपट्टीचा पैसा रस्ता, नाली, पाण्यावरच जावा.

चौक आणि मिरवणुकीला दुसरी वाट बरी. कावड, संदल, भीमजयंती, सगळं निघू द्या, पण मार्ग आणि वेळ आधी लिहून. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून आहेच. तो सगळ्यांना एकाच दिवसापासून लावा. एकाच्या सणाच्या तोंडावर लावलात तर तो नियम उरत नाही, सूड होतो.

हिंसेचा विषय या ठरावात घालूच नका. तो पोलिसांचा आणि न्यायालयाचा. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ ला दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली. महिन्याच्या आत तिथल्या संसदेने बंदुकांचा कायदा कडक केला. गुन्हा ज्याने केला त्यालाच शिक्षा झाली, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या शेजाऱ्यांना नाही. तुमच्या गावात अमरावतीच्या खुनाचा जाब इथल्या सायकल दुरुस्तीवाल्याला कोणी विचारत असेल, तर सरपंचांनी सभेतच ते थांबवावं.

त्याऐवजी तंटामुक्त समितीकडे एक काम द्या: भडकाऊ मेसेज आला की तो पुढे न पाठवता पोलीस पाटलांना दाखवायचा, आणि ज्या समाजाबद्दल तो आहे त्यातल्या एका जाणत्या माणसाला त्याच रात्री विचारायचं. अशी दोन-तीन नावं प्रत्येक वस्तीतून आधीच ठरवा.

आणि मसुदा आधी महिला ग्रामसभेपुढे ठेवा. मुलींच्या रुमालाचा विषय बहुतेक वेळा पुरुषच बोलून संपवतात. त्या मुलींच्या आया काय म्हणतात, ते इतिवृत्तात येऊ द्या.