गूगल, अटलासियन की अ‍ॅमेझॉन? स्वतःच्या कल्पनेवर काम करायचं असेल तर कोणती ऑफर घ्यावी

फुकट जेवण, जिम आणि कॅरम बोर्ड बघून कंपनी निवडू नका. डोक्यात कल्पना घेऊन फिरणाऱ्या इंजिनीअरने दोनच गोष्टी तपासाव्यात: कल्पनेवर काम करायला वेळ कुठून मिळतो, आणि ती पसंत पडली तर पुढे माणसं कोण देतं.

गूगलची '20 टक्के वेळ' ही सवलत, म्हणजे आठवड्यातला साधारण एक दिवस स्वतःच्या कल्पनेवर काम करायची मुभा, सगळ्यांत प्रसिद्ध. 2004 साली शेअर बाजारात उतरताना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात ती आहे. अ‍ॅडसेन्स (इतरांच्या वेबसाइटवर जाहिराती दाखवणारी सेवा) आणि गूगल न्यूजची सुरुवात अशीच झाल्याचंही त्यात म्हटलंय. पण पत्र नीट वाचा. हा वेळ नेहमीच्या प्रोजेक्टशिवायचा, म्हणजे वरचा आहे. गोची तिथेच होते. मॅनेजरने स्प्रिंटमधलं, म्हणजे त्या-त्या आठवड्यांसाठी टीमला ठरवून दिलेलं, काम कमी केलं नाही, तर आठवड्यातला तो एक दिवस शनिवारी उगवतो. निवडक कल्पनांवर पूर्णवेळ काम करू देणारा 'एरिया 120' विभाग 2016 साली निघाला, पण 2022 पासून त्यालाही कात्री लागली.

अटलासियन ही टीमच्या कामाचा माग ठेवणारं 'जिरा' सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिचं 'शिपइट' आटोपशीर आहे: हातातलं काम बाजूला ठेवून 24 तासांत हवं ते बनवायचं आणि डेमो द्यायचा. जिरा सर्व्हिस डेस्क या मदतीच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रॉडक्टचं मूळ अशाच एका शिपइटमध्ये आहे. असलेल्या प्रॉडक्टला जोडता येईल अशी छोटी सोय इथे चांगली तरते. डेटाबेसची मांडणीच बदलणारी कल्पना मात्र एका दिवसात उभी राहत नाही. निम्मा दिवस अ‍ॅक्सेस मिळवण्यात आणि एन्व्हायर्नमेंट (कोड चालवायची व्यवस्था) लावण्यात जातो, म्हणून परवानग्या आठवडाभर आधीच मागाव्यात आणि डेमो एकाच स्क्रीनचा ठेवावा. टाळ्या पडल्या तरी कोणत्या तरी टीमने तो कोड आपल्या रोडमॅपवर (पुढच्या कामांच्या यादीत) घेतला पाहिजे, नाहीतर तो ब्रँचमध्येच, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळ्या प्रतीत, पडून राहतो.

अ‍ॅमेझॉनची तऱ्हा निराळी. इथे आधी कागद. प्रॉडक्ट बाजारात आलंय असं धरून त्याचं प्रसिद्धिपत्रक लिहायचं, सोबत ग्राहकांच्या आणि कंपनीच्या शंकांची उत्तरं. मीटिंगच्या सुरुवातीला सगळे ते गप्प बसून वाचतात, मगच चर्चा. चारचौघांत बोलताना अडखळणाऱ्या, पण मुद्देसूद लिहिणाऱ्या माणसाला ही पद्धत फार न्याय देते. खर्डे मात्र पुन्हा पुन्हा लिहावे लागतात, आठवडे जातात, आणि 'ग्राहक कोण' याचं उत्तर ढिलं असेल तर कल्पना पहिल्या पानावरच अडते. मंजुरी मिळाली तर छोटी, स्वतंत्र टीम मिळू शकते. मोठ्या कल्पनेसाठी मला हीच पद्धत उजवी वाटते.

राहण्याचा हिशेबही करा. अ‍ॅमेझॉनने 2025 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलंय. अटलासियनने 2020 साली कुठूनही काम करायची मुभा दिली. नाशिक-कोल्हापूरला घर असलेल्यांना ती मोलाची आहे.

छोट्या सुधारणा पटापट करायच्या असतील तर अटलासियन. कल्पना मोठी असेल आणि लिहायची चिकाटी असेल तर अ‍ॅमेझॉन. गूगलचा निर्णय मॅनेजर पाहून घ्या. सही करण्यापूर्वी एचआरला नव्हे, होणाऱ्या मॅनेजरलाच विचारा: "गेल्या वर्षी टीममधल्या कुणाची कल्पना ग्राहकांपर्यंत गेली? तिच्यासाठी त्याचं कोणतं काम काढून घेतलं होतं?" दुसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं नाही, तर तो वेळ कागदावरच आहे असं धरा.