कुत्र्याला लिम्फोमा: केमो की नुसत्या गोळ्या?

हनुवटीखाली खाजवताना हाताला सुपारीएवढ्या दोन टणक गाठी लागल्या, तेव्हा आमची चिक्की नऊ वर्षांची होती. सुईने नमुना घेतला. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. तुमच्याही हातात असा रिपोर्ट असेल, तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची पहिली गोळी देण्याआधी केमोचं काय ते ठरवा. नुसतं स्टेरॉइड काही आठवडे दिलं, की पुढे केमो तितकीशी लागू पडत नाही. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

आजार सहसा कायमचा जात नाही. काहीच केलं नाही तर कुत्रा महिना-दीड महिना जगतो, नुसत्या गोळ्यांवर साधारण एक ते तीन महिने. चार औषधांच्या केमोवर, गाठ बी-पेशींची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, दुसरा टी-पेशी) असेल तर, वर्षभराच्या आसपास. टी-पेशींची असेल तर बरंच कमी. म्हणून गाठ कुठल्या पेशींची आहे, ती तपासणी करूनच घ्या.

केमो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणसाचे हाल येतात. कुत्र्यांना डोस बेताचा देतात, बहुतेकांचे केस टिकतात. काहींना उलट्या-जुलाब होतात, आठवडाभराने पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खरा भार हेलपाट्यांचा आणि पैशांचा: चार-सहा महिने जवळपास दर आठवड्याला रक्त तपासणी आणि शिरेतून इंजेक्शन. प्रत्येक डोसनंतर काही दिवस शी-शू हातमोजे घालूनच उचलायची.

गोळ्यांनी गाठी बहुधा लवकर मऊ पडतात. चौथ्या दिवशी पोळ्यांच्या डब्याचा आवाज ऐकून चिक्की उठून आली होती. पण तहान वाढते, धाप लागते, रात्री दोनदा खाली न्यावं लागतं. सोबत मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक देऊ नका, पोटात अल्सर होतात.

कुत्रा खातापिता असेल, हृदय ठीक असेल, गाठ बी-पेशींची असेल आणि तुम्हाला झेपणार असेल, तर केमो करा, असं मी म्हणेन. दवाखान्याच्या पायरीवरच थरथर कापणाऱ्या म्हाताऱ्या जिवाला गोळ्या द्या आणि घरीच ठेवा. पैसे नाहीत, हेही खरं कारण आहे. त्याने माया कमी ठरत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, इंजेक्शन देऊन झोपवायची वेळ कशी ओळखायची ते आजच घरात बोलून ठेवा. चिक्कीच्या आवडीच्या तीन गोष्टी आम्ही कागदावर लिहिल्या होत्या: पोळी, दाराची बेल, गॅलरीतलं ऊन. दोन सुटल्या की डॉक्टरांना फोन करायचा. दहाव्या आठवड्यात तिने पोळी सोडली. दोन दिवसांनी बेल वाजली, तिने मान उचलली नाही. डॉक्टर घरी आले तेव्हा ती गॅलरीत उन्हात होती. तिला तिथून हलवलं नाही.